माळरानावरचं गोल्फ: फायरकीपर, सर्कलिंग रेव्हन की डकोटा ड्यून्स?

पुण्या-मुंबईच्या कोर्सवर तयार झालेला हात उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळरानावर, पहिल्या चार होलमध्येच गोंधळतो. कडेला झाडांची भिंत नसते, त्यामुळे दीडशे यार्ड कुठे संपतात तेच डोळ्याला कळत नाही. वाऱ्याला आडोसा नसतो. आणि चेंडू कुठे पडला ते सांगायला पुढे आगेवालाही उभा नसतो. कमरेएवढ्या गवतात चेंडू गेला की तो शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, आणि बहुतेक वेळा ती वाया जातात.

अशा माळावरचे, आदिवासी जमातींच्या मालकीच्या कॅसिनो रिसॉर्टला जोडलेले तीन कोर्स इथे शेजारीशेजारी मांडले आहेत: कॅन्ससमधला फायरकीपर, आयडाहोमधला सर्कलिंग रेव्हन आणि कॅनडाच्या सस्कॅचवनमधला डकोटा ड्यून्स. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे, किंवा मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे आणि त्यातले तीन-चार दिवस गोल्फसाठी काढू पाहणारे वाचक डोळ्यांसमोर आहेत. खोल्या, जेवण, पोहण्याचा तलाव यांत तिन्ही ठिकाणं उन्नीस-बीस आहेत. खरा फरक आहे तो कोर्स तुमचे फटके कसे वाया घालवतो यात. म्हणून निवड करताना क्रमवारी पाहण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: थकल्यावर किंवा घाबरल्यावर आपला कोणता फटका बिघडतो?

| | फायरकीपर | सर्कलिंग रेव्हन | डकोटा ड्यून्स |
|---|---|---|---|
| कुठे | मेयेटा, कॅन्सस | वर्ली, आयडाहो | सस्काटूनच्या दक्षिणेला, सस्कॅचवन |
| मालकी | प्रेअरी बँड पोटावाटोमी नेशन | कोर डालेन जमात | व्हाइटकॅप डकोटा फर्स्ट नेशन |
| सुरू | २०११ | २००३ | २००४ |
| रचना | नोटा बिगे तिसरा, जेफ्री ब्रॉअर | जीन बेट्स | ग्रॅहम कुक, वेन कार्लटन |
| मागच्या टीवरून (टी: पहिला फटका मारायची जागा; पार: अपेक्षित फटके) | साडेसात हजार यार्डांच्या पुढे, पार ७२ | ७,१८९ यार्ड, पार ७२ | सुमारे ७,३०० यार्ड, पार ७२ |
| विमानतळ | कॅन्सस सिटी, सुमारे दीड तास | स्पोकेन, सुमारे एक तास | सस्काटून, अर्ध्या-पाऊण तासात |
| भरवशाचा हंगाम | एप्रिल ते ऑक्टोबर | मे ते सप्टेंबर | मे अखेर ते सप्टेंबर |
| कॅसिनोसाठी किमान वय | २१ | १८ | १९ |

फायरकीपर: गवत आणि लांबी

पोटावाटोमी, ओजिब्वे आणि ओडावा या तीन जमातींच्या जुन्या संघात अग्नी राखण्याचं काम पोटावाटोमींकडे होतं. कोर्सचं नाव त्यावरून आलं आहे. हे लोक मूळचे मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातले. १८४६च्या करारानंतर ते कॅन्ससला आले तेव्हा तीस मैल लांब आणि तीस मैल रुंद अशी जमीन त्यांना मिळाली होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती अकरा मैल बाय अकरा मैलांवर आली. आज कोर्स उभा आहे तो त्या उरलेल्या जमिनीवर. रचनाकार बिगे हा स्वतः नॅव्हाहो आणि प्युब्लो वंशाचा. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत त्याने पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेत चार स्पर्धा जिंकल्या. उतार उजवीकडे की डावीकडे हे पाहून तो कधी उजव्या तर कधी डाव्या हाताने पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका, मारायचा. इथल्या ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरचे, उंचवटे वाचताना ही गोष्ट मुद्दाम आठवावी, कारण चेंडू ग्रीनवर आणला म्हणजे काम झालं असं इथे होत नाही.

सुरुवातीचे होल उघड्या माळावर आहेत. पुढे चढउतार आणि झाडी वाढते. टीवरून पाहिलं तर फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा, ऐसपैस वाटतो आणि तसा तो आहेही. पण त्याच्या पलीकडे जे उभं आहे ते रफ, म्हणजे कडेचं थोडं वाढू दिलेलं गवत, नव्हे, उंच गवताची खरी प्रेअरी आहे. बिग ब्लूस्टेम हे इथलं मुख्य गवत उन्हाळ्याच्या शेवटी सहा फुटांच्या वर जातं. एप्रिलमध्ये जो चेंडू वरून दिसला असता, तो सप्टेंबरमध्ये पायाखाली असूनही सापडत नाही. त्यामुळे ज्याचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, उजवीकडे वळत सुटतो, म्हणजे स्लाइस होतो, त्याने इथे वसंतात जावं. शरद ऋतूत हेच गवत तांबूस होतं, उकाडा संपतो, माळ अतिशय देखणा दिसतो. पण तेव्हा पिशवीत डझनभर जादा चेंडू हवेत.

गवतात चेंडू गेल्यावर होणारी चूक ठरलेली असते. माणूस हायब्रिड किंवा ५ नंबरचं आयर्न असा लांब फटक्याचा क्लब काढून ग्रीनच्या दिशेने मारायला जातो. जाड काड्या क्लबच्या मानेभोवती गुंडाळल्या जातात, क्लबचं तोंड मिटतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू दहा यार्डांवर डावीकडे, आणखी दाट गवतात जाऊन बसतो. सँड वेज, म्हणजे उंच पण आखूड फटक्याचा क्लब, घ्यावी, पकड नेहमीपेक्षा घट्ट करावी आणि सर्वांत जवळच्या कापलेल्या गवताकडे, गरज पडली तर चक्क आडवं मारावं. एक फटका गेला असं समजावं. नाहीतर तीन जातात.

नियमांची बाजूही आधी नीट कळलेली असावी. फेरी सुरू होण्याआधी स्कोअरकार्डच्या मागे स्थानिक नियम वाचा. गवताची कड लाल खुंट्यांनी आखलेली असेल तर ती पेनल्टी एरिया असते: एक दंड घेऊन, चेंडू जिथे कड ओलांडून आत गेला तिथून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. खुंट्या नसतील तर हरवलेला चेंडू म्हणजे सरळ मागे जाऊन पुन्हा मारणं. म्हणून चेंडू गवताकडे निघाला की जागेवरच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असं स्पष्ट म्हणून दुसरा चेंडू मारावा. तो शब्द उच्चारला नाही तर नियमाने दुसराच चेंडू खेळात येतो आणि पहिला सापडूनही उपयोग नसतो. काही कोर्स मित्रांच्या फेरीसाठी दोन दंड घेऊन फेअरवेच्या कडेला चेंडू टाकण्याची मुभा देतात. इथे ती आहे का, हे टी वेळा सांभाळणाऱ्या माणसाला थेट विचारावं. चेंडू सापडला पण मारता येण्याजोगा नसला तर ‘अनप्लेएबल’ घोषित करून दोन क्लबच्या लांबीची सूट मिळते, पण माळावर दोन क्लबपलीकडेही बहुधा तेच गवत असतं. ही मुभा वापरण्याआधी पावलं टाकून पाहा.

कीटकांची गोष्ट इथे खास सांगायला हवी, कारण भारतातून आलेल्यांना ती माहीत नसते. कॅन्ससच्या उंच गवतात गोचिड्या आणि चिगर नावाचे डोळ्याला न दिसणारे किडे असतात. चिगर मोज्याच्या आणि कमरपट्ट्याच्या कडेला चावतात. खाज दुसऱ्या दिवशी उठते आणि आठवडाभर राहते. डीट हे कीटक दूर ठेवणारं रसायन असलेला फवारा बूट, मोजे आणि पँटच्या पायावर मारावा. गवतात शिरायचंच असेल तर चेंडूपुरतं शिरावं, बसू नये. खोलीवर आल्याबरोबर साबणाने अंघोळ करून कपडे बाजूला ठेवावे आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचिडी आहे का ते पाहावं.

हवामानाचा हिशेब असा. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत शेजारच्या फ्लिंट हिल्समध्ये कुरणं मुद्दाम पेटवतात. ही जुनी आणि आवश्यक पद्धत आहे, त्याशिवाय माळावर झाडोरा माजतो. पण वारा तसा असला तर धूर जवळच्या टोपेका शहरापर्यंत येतो आणि दमेकऱ्याला त्रास होतो. एप्रिल ते जून हा वादळांचा काळ. भोंगा वाजला की कार्ट सोडून इमारतीत जायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबणं हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरची आठवण यावी असं ऊन आणि त्यावर मुंबईचा दमटपणा; सकाळी आठच्या आतली वेळ मिळाली तरच जावं. आमच्या मते मे महिन्याचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हे इथले उत्तम दिवस.

कॅन्सस सिटीहून टोपेकाकडे येणाऱ्या आय-७०च्या टोल रस्त्यावर आता रोख पैसे घेणारी खोपटी नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. भाड्याची गाडी असेल तर कंपनी टोलवर स्वतःचं शुल्क चढवते. गाडी घेतानाच ते किती हे विचारा. टोपेकाहून यूएस-७५ने उत्तरेला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

सर्कलिंग रेव्हन: पाणथळ आणि विस्तार

हा कोर्स ६२० एकरांवर पसरला आहे. साधारण अठरा होलच्या कोर्सला दीडशे ते दोनशे एकर पुरतात, यावरून कल्पना यावी. एका होलवरून दुसरा दिसत नाही, शेजारच्या टोळीचा आवाज येत नाही. त्याची किंमत अशी की ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतची अंतरं लांब आहेत. पायी खेळायची जिद्द इथे नको, कार्ट घ्यावी.

कोर डालेन हे नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी दिलेलं आहे. अर्थ साधारण ‘आरीचं काळीज’, म्हणजे चांभाराच्या आरीसारखे अणकुचीदार, सौद्यात न फसणारे लोक. कोर्सला नाव आहे ते जमातीच्या जुन्या सरदाराचं. जागा पलूस या टेकड्यांच्या प्रदेशाच्या काठावर आहे. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या या टेकड्यांवर गव्हाबरोबर मसूर आणि हरभरा भरपूर पिकतो. जूनमध्ये सगळं हिरवं, ऑगस्टमध्ये कापणीचं सोनेरी. गावाचं इंग्रजी नाव मराठीत लिहिलं तर मुंबईच्या वरळीसारखं दिसतं, एवढंच साम्य.

इथली अडचण गवताची कमी आणि पाणथळीची जास्त. फेअरवे रुंद आहेत, पण बऱ्याच ठिकाणी चेंडू हवेतूनच दलदल ओलांडून न्यावा लागतो. जमिनीवरून घरंगळत नेण्याचा मार्गच नसतो. त्यामुळे ज्याचा ड्राइव्ह वाकडा जातो पण उंच उडतो, त्याला हा कोर्स मायेने वागवतो. ज्याचा फटका सरळ पण बुटका आहे, चेंडू वरून घासला जातो, त्याची इथे दमछाक होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांची चूक म्हणजे मागची टी निवडणं: तीच दलदल पुढच्या टीवरून ओलांडायला तीस-चाळीस यार्ड कमी लागतात आणि होलचा सगळा स्वभाव बदलतो. २०२१पासून इथे महिला व्यावसायिकांच्या एप्सन टूरची स्पर्धा झाली आहे. चांगल्या खेळणाऱ्या स्त्रीला हा कोर्स लहान वाटत नाही, आणि नवशिकीला पुढच्या टीवरून जमतो. जोडप्याने खेळायचं असेल तर आमची पहिली पसंती हाच.

उंची समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांहून थोडी जास्त. हवा विरळ असल्यामुळे चेंडू सुमारे तीन टक्के लांब जातो, म्हणजे दीडशे यार्डांवर चार-पाच यार्ड. क्लब बदलायची गरज नाही. पण भर दुपारी ग्रीनच्या मागे वारंवार पडू लागलात तर कारण हे.

मेच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरच्या शेवटी सकाळी दहिवर गोठतं. तेव्हा पहिल्या टोळ्यांना तासभर थांबवून ठेवतात. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात आणि दुपारपर्यंत गवतावर काळे ठसे उमटतात. त्यामुळे ‘एवढं काय होतंय’ म्हणून हुज्जत घालू नये, त्या दिवसांत वेळच दहानंतरची घ्यावी. ऑगस्टमध्ये दुसरं संकट: जंगलांतल्या वणव्यांचा धूर. एखादं वर्ष स्वच्छ जातं, एखाद्या वर्षी आठवडाभर समोरची टेकडी दिसत नाही. खोली घेताना रद्द करण्याची मुदत किती तासांची आहे ते पाहा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहा. तो दीडशेच्या वर असेल तर पाच तास उघड्यावर राहू नये, वयस्कर माणूस बरोबर असेल तर नक्कीच नाही.

सिएटलच्या मराठी मंडळींना हा कोर्स गाडीने जमतो: आय-९०ने साडेपाच ते सहा तास, वाटेत एक जेवण. सोबत न खेळणारी माणसं असली तर त्यांचा दिवस इथे सगळ्यांत चांगला जातो. शेजारच्या प्लमर गावापासून सत्तर मैलांहून लांब, डांबरी, गाड्या नसलेला सायकल मार्ग सुरू होतो आणि काही अंतरावर थेट सरोवराच्या काठाने जातो. मात्र कॅसिनोत पत्त्यांची टेबलं शोधू नका. आयडाहोच्या कायद्यामुळे तिथे यंत्रांवरचे खेळ आणि बिंगो एवढंच.

डकोटा ड्यून्स: वाळू आणि वारा

तिघांत खरा कस इथे लागतो. हे वाळूच्या नैसर्गिक टेकड्यांवर वसवलेलं गोल्फ आहे. जमीन आधीच घडलेली होती, रचनाकारांनी तिच्यातून वाट काढली. वाळूत पाणी झरझर मुरतं, त्यामुळे पावसानंतरही फेअरवे कडक राहतो आणि चेंडू पडल्यावर बराच पळतो. पुण्याला पावसाळ्यानंतरच्या मऊ फेअरवेवर जिथे चेंडू रुततो, तिथे हा वीस यार्ड पुढे जाऊन उताराने कडेला घसरतो. म्हणून ग्रीनवर थेट उतरवण्यापेक्षा पुढे टाकून घरंगळू देणं शहाणपणाचं. ३०-४० यार्डांवरून वेज न काढता ८ नंबरच्या आयर्नने ठोकून चालवलेला चेंडू इथे जास्त वेळा होलजवळ थांबतो. उंच, मऊ वेजवर ज्यांचा सगळा खेळ बेतलेला आहे त्यांनी जाण्याआधी दोन आठवडे हा एकच फटका घोटावा.

सस्कॅचवन सपाट आहे आणि वारा रोजचा. डोक्यात ठेवण्याजोगा हिशेब असा: समोरून येणारा वारा ताशी जितके मैल, साधारण तितके टक्के अंतर वाढवून क्लब निवडा, मागून येणाऱ्या वाऱ्याला त्याच्या निम्मं कमी करा. ताशी वीस मैलांचा वारा समोर असेल तर १५० यार्ड म्हणजे १८०. मागून असेल तर १३५. समोरचा वारा जितका घेतो तितकं मागचा परत देत नाही, हे अठरा होलांनंतर कार्डावर दिसतंच. वाऱ्यात जोरात मारणं ही सर्वांत महागाची चूक. जोर वाढला की चेंडूची उलटी फिरकी वाढते, तो हवेत फुग्यासारखा वर चढतो आणि आपल्यासमोर येऊन पडतो. दोन क्लब वरचा घ्या, पकड इंचभर खाली धरा, चेंडू पायांच्या मध्यापासून किंचित मागे ठेवा आणि तीन-चतुर्थांश झोक्यातच थांबा. पट करतानाही पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवा, वारा अंगाला हलवतो.

कॅनडाच्या व्यावसायिक टूरने इथे अनेक वर्षं स्पर्धा भरवली, त्यावरून मागच्या टीची कल्पना यावी. जमिनीला चढउतार असले तरी होल एकमेकांजवळ आहेत, गुडघे ठीक असतील तर ढकलगाडीवर पिशवी ठेवून चालत खेळावं; वाळूच्या टेकड्यांवरचं गोल्फ पायाला कळतं तसं कार्टमधून कळत नाही. जून-जुलैमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. सकाळी विमानाने पोचून दुपारी चारला टी घेतली तरी अठरा होल उजेडात पुरे होतात, आणि संध्याकाळचे दर बहुधा कमी असतात. डास जूनमध्ये जास्त, वारा असला की ते गायब. धुराचा धोका इथेही आहे.

सस्कॅचवनमध्ये घड्याळं उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. अल्बर्टाहून येणाऱ्याला उन्हाळ्यात फरक जाणवत नाही, पण मॅनिटोबाहून किंवा शिकागोहून येणारा एक तास लवकर पोचतो.

व्हाइटकॅप डकोटा लोक १८६२नंतर मिनेसोटातून इथे आले. सस्काटून शहराची जागा निवडायला त्यांच्या प्रमुखाने, व्हाइटकॅपने, १८८२ साली मदत केली होती. २०२३मध्ये त्यांचा स्वशासनाचा करार अमलात आला. कॅसिनो २००७चा, रिसॉर्टचं हॉटेल २०२०चं. म्हणजे खोल्या तिन्हींत नव्या इथे. अर्ध्या दिवसाचा वेळ असेल तर शहराच्या उत्तरेचं वानुस्केविन पाहावं, तिथे बायसनचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रानगव्यांचा, कळप पुन्हा माळावर आणला आहे. आणि गाडीतून दिसणारी मसुरीची शेतं नीट पाहा: भारतात आयात होणाऱ्या मसुरीतला मोठा वाटा याच प्रांतातून येतो.

अडचण कागदपत्रांची. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्याला पासपोर्ट आणि कार्ड दाखवून व्हिजाशिवाय जाता येतं; एच-१बी धारकाला मात्र व्हिजा काढावाच लागतो, आणि परतीच्या प्रवेशाचा विचार वेगळा करावा लागतो. आईवडील भारतातून फक्त अमेरिकेच्या व्हिजावर आले असतील तर हा पर्याय त्या सहलीपुरता बाजूला ठेवा.

टी कोणती घ्यायची

तिन्हीकडे सर्वांत जास्त पैसे आणि आनंद इथेच बुडतो. मागच्या टीवर उभं राहण्यात काही पराक्रम नाही. अमेरिकेतल्या गोल्फ संस्थांनी सुचवलेलं कोष्टक सोपं आहे: तुमचा ड्राइव्ह घरंगळण्यासकट २७५ यार्ड जात असेल तर कोर्स ६,७०० ते ६,९०० यार्डांचा घ्या, २५० असेल तर ६,२०० ते ६,४००, २२५ असेल तर ५,८०० ते ६,०००, २०० असेल तर ५,२०० ते ५,४००. यातला आकडा सरासरीचा, आठवणीतल्या सर्वांत लांब फटक्याचा नव्हे. माळावर वारा असल्यामुळे आम्ही तर आणखी एक टी पुढे जायला सांगू, निदान पहिल्या फेरीत.

स्कोअरकार्डवर स्लोप नावाचा आकडा असतो; त्या टीवरून कोर्स सामान्य खेळाडूला किती अवघड जातो ते तो सांगतो. ११३ हा मध्यम, १५५ सर्वांत वर. आपला हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा) गुणिले स्लोप भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूचे अपेक्षित फटके) पार वजा करून येणारा आकडा मिळवा. समजा इंडेक्स २०, स्लोप १३५, रेटिंग ७४ आणि पार ७२. तर त्या दिवशी तुम्हाला २६ फटक्यांची सूट मिळते. त्याच कोर्सच्या पुढच्या टीला स्लोप १२० आणि रेटिंग ६८.५ असेल तर १८. दोन मित्र वेगवेगळ्या टीवरून खेळून बरोबरीची पैज लावू शकतात ते याच हिशेबामुळे, त्यामुळे टोळीतल्या सगळ्यांनी एकाच टीवरून मारायचा हट्ट धरू नये.

पैसे आणि आरक्षण

कॅसिनो रिसॉर्टमध्ये गोल्फ स्वस्त पडतं त्याचं कारण धंद्याच्या रचनेत आहे. अमेरिकेत १९८८च्या केंद्रीय कायद्याने जमातींच्या जुगारघरांना चौकट मिळाली. त्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने, घरं उभी राहतात. पाहुणा एक रात्र जास्त राहावा हे कोर्सचं एक काम असतं. शनिवार-रविवारी खोल्या भरतात, सोमवार ते बुधवार रिकाम्या असतात. म्हणून राहणं आणि खेळणं एकत्र असलेलं पॅकेज आठवड्याच्या मध्यात घ्यावं. त्यात कार्ट, सरावाचे चेंडू आणि कर धरले आहेत का, ते एकेक करून विचारावं. फक्त ‘सगळं धरून’ या शब्दांवर राहू नये.

फोन करताना एक प्रश्न विसरू नका: ग्रीनला भोकं कधी पाडणार? मुळांना हवा मिळावी म्हणून वर्षातून एकदा-दोनदा ग्रीनवर हजारो भोकं पाडून वर वाळू पसरतात. पुढचे दहा-पंधरा दिवस पट उड्या मारत जातो. हे काम बहुधा वसंतात किंवा उन्हाळ्याच्या शेवटी होतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा हवा सुखाची असते. तारीख आधी विचारली तर सांगतात, न विचारता सांगतीलच असं नाही.

कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा मदतनीस, मिळेल असं गृहीत धरू नये. पिशवी उतरवून कार्टला बांधून देणाऱ्याला तीन ते पाच डॉलर देण्याची रीत आहे. कॉलरचा शर्ट लागतो. कॅसिनोच्या मजल्यावर सिगरेट चालते का आणि आपली खोली त्यापासून किती दूर आहे, हे लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर विचाराच. शाकाहारी माणसाने स्वयंपाकघराला आदल्या दिवशी सांगून ठेवावं. फ्राय ब्रेड किंवा बॅनक दिसायला आपल्या भटुऱ्याच्या कुळातलं वाटतं, पण ते प्राण्याच्या चरबीत तळलेलं असू शकतं. जमातीच्या जमिनीवर त्यांचे स्वतःचे कायदे आणि पोलीस असतात. ड्रोन उडवणं, माळावरून दगड किंवा पिसं उचलून आणणं हे परवानगीशिवाय करू नये. समारंभ दिसला तर फोटो काढण्याआधी विचारावं.

मग कुठे?

चेंडू उंच जातो पण वाकडा, जोडीदारही खेळतो, किंवा बरोबर न खेळणारं कुटुंब आहे: सर्कलिंग रेव्हन, जूनच्या मध्यापासून जुलैअखेर.

ड्राइव्ह सरळ आहे, लांबीचं भय नाही, खेळ ग्रीनवर जिंकायची सवय आहे, किंवा कॅन्सस सिटीत कोणी नातेवाईक आहे आणि दोनच दिवस हाताशी आहेत: फायरकीपर. ड्राइव्ह वाकडा असेल आणि तरी जायचंच असेल तर मेमध्ये, गवत वाढण्याआधी.

चेंडू खाली ठेवता येतो, चालायची तयारी आहे, वारा आवडतो आणि व्हिजाचा प्रश्न नाही: डकोटा ड्यून्स, आणि तिथे एक नव्हे दोन फेऱ्या. पहिल्या दिवशी चेंडू कुठे पळतो तेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी वारा बहुधा दिशा बदललेला असतो, आणि काल वेजने पोचलेल्या होलला ५ नंबरचं आयर्न लागतं.